‘भंगारात बसवलेलं बाळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळी लिहून मोकळा हो, असं घरून सांगण्यात आलं होतं. पण मूळ लेख न वाचता नुसती तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला मी कोण वाटेन, या विचाराने स्वस्थ बसवेना.

लेखात माझं म्हणणं एवढंच होतं: घरात तान्हं मूल असताना कर्ज काढून मोठी नवी गाडी घेऊ नका. चार-पाच वर्षं वापरलेली, नीट राखलेली छोटी गाडी रोखीने घ्या. त्यावर तुम्ही म्हणता की डिकीची जागा लिटरमध्ये सांगून काही कळत नाही, दुरुस्तीचा खर्च मी धरलेलाच नाही, जुन्या गाडीत सुरक्षेच्या सोयी कमी असतात. आणि शेवटी हे वाक्य: ‘दोन पैसे वाचवायला बाळाला भंगारात बसवणारे आईबाप मला तरी कळत नाहीत.’

डिकीबद्दल तुमचं बरोबर आहे. बाबागाडी काही पाण्यासारखी ओतता येत नाही. डिकीचं तोंड अरुंद असलं किंवा कड उंच असली की लिटर कितीही असोत, चाकं बाहेरच राहतात. गाडी बघायला जाताना बाबागाडी घेऊन जा आणि घडी करून ठेवून पाहा, असं वाक्य मी लेखात आता घातलं आहे. दाखवलेली चूक मी मान्य करतो, हे जुने वाचक जाणतात.

आता ते वाक्य.

‘भंगार’ कशाला म्हणतात? पाच वर्षं चाललेल्या गाडीला? नवी गाडी पहिल्या तीन-चार वर्षांत जितक्या झपाट्याने किंमत गमावते तितकी पुढे गमावत नाही. तो मोठा तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. दुसऱ्याच्या पदरात पडते ती तीच गाडी, तेच इंजिन, त्याच दारांची. सर्व्हिसिंगच्या नोंदी मागून घ्या, ओडोमीटरचा आकडा त्या नोंदींशी जुळतो का पाहा, इंजिनात टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा) असेल तर तो कधी बदलला ते विचारा, आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी खालून तपासून घ्या. हे सगळं लेखात होतं. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूला कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, हेही होतं. भंगार विकत घ्यायला निघालेल्या माणसाला इतकं कशाला सांगेन मी? तुम्ही लेख पूर्ण वाचलात का, हे विचारणार नव्हतो. विचारलं.

आणि ‘दोन पैसे’. हे मात्र मला खरंच लागलं, तेव्हा थोडं घरचं सांगतो. पहिलं मूल व्हायच्या आधी आम्ही नवी कोरी गाडी घेतली होती, मोठी, सात वर्षांच्या हप्त्यांवर. बाळ येणार, तर गाडी हवी, आणि हवी तर चांगलीच हवी, असं सगळेच म्हणत होते. तुमच्यासारखेच बोलत होते. बाळ अकरा महिन्यांचं असताना माझी नोकरी गेली. गाडी विकायला काढली तेव्हा कळलं की तिचे येणारे पैसे कर्जाच्या बाकीपेक्षा कमी आहेत. गाडी गेली आणि वर आम्ही पुढचे चौदा महिने दारात नसलेल्या गाडीचे हप्ते भरले. त्या काळात मुलाला ताप आला की कुणाची तरी गाडी मागायला मी जिने उतरत असे. ज्यांना हे दोन पैसे वाटतात, त्यांना माझ्या शुभेच्छा.

त्यानंतर घेतली ती आठ वर्षांची हॅचबॅक. ती सहा वर्षं वापरली. दोन मुलं तिच्यात वाढली.

‘बाळाला भंगारात बसवणारे’ म्हणताना तुम्ही लेखाचं दुसरं निम्मं गिळलंत. गाडी जुनी घ्या, पण बाळाला बसवायची कारसीट नवी घ्या, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. वापरलेली सीट अपघातातून गेली आहे की नाही, हे वरून दिसत नाही, म्हणून. आणि बाळ मागे तोंड करूनच बसवा. कारसीटसाठीच्या आर१२९ या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत ते बंधनकारक आहे, पण सीटची मर्यादा असेल तिथवर तसंच बसवलेलं उत्तम, कारण डोकं जड आणि मान कोवळी असते. मागे तोंड केलेली सीट पुढे ठेवायची वेळ आलीच, तर तिथली एअरबॅग बंद केल्याशिवाय मुळीच नको. आयसोफिक्सला, म्हणजे सीट अडकवायच्या गाडीतल्या पक्क्या कड्यांना, वजनाची मर्यादा असते, सीट आणि मूल मिळून ३३ किलो.

आमचीच गोष्ट सांगतो. त्या महागड्या नव्या गाडीत सीट मी स्वतः बसवली होती आणि फार खूश होतो. दोन महिन्यांनी बायकोने ती पट्ट्याजवळ धरून हलवली, तर हाताच्या रुंदीएवढी सरकली. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. बाळाला जाडजूड जॅकेट घालून वर पट्टे आवळायचो तेही चूकच, कारण धडकेत जॅकेट दबतं आणि पट्टा ढिला पडतो. म्हणजे चकचकीत गाडीत माझं मूल दोन महिने जवळजवळ मोकळंच बसलं होतं. जुन्या हॅचबॅकमध्ये तसं एक दिवसही झालं नाही, कारण तोवर आम्ही शहाणे झालो होतो. याला तुम्ही काय म्हणाल? काही म्हणणारच, म्हणा.

दुरुस्तीचा खर्च: धरला होता. ‘वाचलेल्या हप्त्याच्या निम्मी रक्कम दर महिन्याला बाजूला ठेवा’ हे वाक्य त्यासाठीच होतं. ती पुरते की नाही हे गाडीवर अवलंबून आहे, पण तसं कशाचंच सांगता येत नाही.

सुरक्षेच्या सोयी: गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएससी युरोपियन संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे, म्हणजे तिथल्या चार-पाच वर्षांच्या गाडीत ती असतेच. सगळीकडे तसं नाही हे मला ठाऊक आहे, आणि बाजूच्या एअरबॅगांचाही प्रश्न आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आमच्या हॅचबॅकमध्ये ईएससी होती का, असं तुम्ही खाली पुन्हा विचाराल. नव्हती. सहा वर्षांत तिची गरजही पडली नाही.

एक विनंती. पुढच्या वेळी लेखाबद्दल लिहा, लेखकाच्या आईबापपणाबद्दल नको. मी तुमचं घर पाहिलेलं नाही, तुम्ही माझं पाहिलेलं नाही.

आणि हो, काल रात्री टॉर्च घेऊन खाली जाऊन आत्ताच्या गाडीच्या टायरांचे आकडे पाहिले. तीन ठीक आहेत. चौथा अकरा वर्षांचा निघाला. तो उद्या बदलतो आहे, पण तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही. तसाही बदलायचाच होता.