चहा न घेता गेली ती

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सोलापुरात मराठीतून विज्ञान लिहिणारी माणसं एका टमटममध्ये मावतील. कुणी पेपरच्या पुरवणीत लिहितं, कुणी दिवाळी अंकात, कुणी शाळांमधून दुर्बीण घेऊन फिरतं, माझ्यासारखा एखादा दुकान सांभाळून पक्ष्यांवर लिहितो. महिन्यातल्या एका रविवारी नवी पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचं, लिहिलेलं वाचायचं, भांडायचं आणि खाली येऊन चहा-भजी. मानधन कुणाला मिळत नाही, मिळालं तर रिक्षाला पुरत नाही. तरी येतो, कारण घरी बायको-पोरांना माळढोकाबद्दल किती वेळा सांगणार?

तर आज. पूर्व भागातली एक मुलगी येते आमच्यात. घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. ही एमएस्सी करून शिकवण्या घेते आणि मराठीत लिहिते. आमच्या निम्म्या मंडळींपेक्षा बरं लिहिते, हे मी आज पहिल्यांदा उघड म्हणतोय. जुलै अर्धा संपला, पाऊस दडी मारून बसलाय, म्हणून तिने गेल्या आठवड्यात पुरवणीत कृत्रिम पावसावर लेख लिहिला. विषय आपल्या घरचा. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग आपल्याच डोक्यावर केला. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत बसलेला कोरडा जिल्हा त्यांना हवा होता, आणि त्या बाबतीत आपल्याला तोड नाही.

त्या लेखात एक चूक होती. विमानातून ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारलं, असं तिने लिहिलं. सोलापूरच्या प्रयोगात वापरलं होतं कॅल्शियम क्लोराइड. सिल्व्हर आयोडाइड चालतं ते गार ढगांत, जिथे पाणी शून्याखाली जाऊनही गोठायचं राहिलेलं असतं. त्याचे कण बर्फाच्या स्फटिकासारखे, त्यांच्याभोवती पाणी गोठतं. इथे फवारा ढगाच्या उबदार तळाशी दिला. कॅल्शियम क्लोराइड ओल खेचतं, त्यामुळे मोठे थेंब आधी तयार होतात आणि ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. चूक ती चूक, मान्य. पेपरात छापलेलं हजारो लोक वाचतात, तेही मान्य. झालं?

आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी आज बैठक सुरू होताच खिशातून कात्रण काढलं. वाक्याखाली लाल रेघ मारून आणली होती. म्हणजे घरून तयारी. मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ताई, हे कुठल्या स्वयंपाकघरात शिकलात?"

चौघे हसले. कोण हसलं ते मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

ती काही बोलली नाही. वही पिशवीत टाकली, "येते सर" म्हणाली आणि जिना उतरली. मी खाली जाईपर्यंत रिक्षा वळलीसुद्धा. टपरीवाल्याने नेहमीप्रमाणे चहा मोजून ओतले होते, त्यातला एक उरला.

आता मला आमचे सर आठवणारच. जुन्या मंडळींना ठाऊक आहेत, नव्यांसाठी सांगतो. निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक, सायकलवर फिरायचे, आता नाहीत. मंगळवेढ्याचे एक गुरुजी तेव्हा खगोलावर लिहायचे. शून्य सावलीवर त्यांनी लेख लिहिला. आपल्याकडे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, सगळं नीट. फक्त वेळ त्यांनी दिली दुपारी बाराची. एका उन्हाळी शिबिरातली पोरं लेख वाचून बारा वाजता मैदानात बाटल्या मांडून बसली, आणि बाटल्यांना सावली ती सावली. शिबिरवाला चिडून सरांकडे आला.

सरांनी काय केलं? मला म्हणाले, "उद्या रविवार, चल बे, मंगळवेढ्याला जाऊन येऊ." मे महिन्यातली एसटी, खिडकीतून भट्टीची हवा, आणि सरांच्या मांडीवर शाळेच्या प्रयोगशाळेतली लाकडी मीटरपट्टी. गुरुजींच्या दारात उभं राहून म्हणाले, "काय मालक, सावली मोजायला आलोय." अंगणात पट्टी उभी केली. बाराला सावली अर्ध्या वितीची. गुरुजी घड्याळ बघतायत, पट्टी बघतायत. सर गप्प. वहिनींनी ताक आणून दिलं. सावली आखडत आखडत दोन बोटांवर आली, तेव्हा बारा वाजून वर चोवीस-पंचवीस मिनिटं झाली होती. गुरुजी स्वतःच म्हणाले, "अहो, आपण घड्याळाच्या पश्चिमेला राहतो की!" तेवढंच. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं, आपण त्याच्या साडेसहा-सात अंश अलीकडे, एका अंशाला चार मिनिटं, मे महिन्यात त्यातून तीन-चार मिनिटं वजा. हिशोब त्यांनीच मांडला, तोही आमच्यासमोर, भाकरीचं पीठ सांडलेल्या ओट्यावर बोटाने.

दुरुस्ती पुढच्या आठवड्यात त्यांच्याच नावाने छापून आली. सरांचं नाव कुठेच नाही. मी एसटीत विचारलं होतं, "तुम्हीच पत्र लिहून टाकलं असतं तर?" सर म्हणाले, "मग तो परत लिहिला नसता." आणि झोपले, थेट सोलापूर येईपर्यंत.

हे मी भाबडेपणाने सांगतोय असं वाटत असेल तर वाटू दे. जुना काळ सोन्याचा नव्हता. तेव्हा आमच्या बैठकीत बाई नसायची, सगळे पगारवाले किंवा पेन्शनवाले, आणि विडी कामगाराच्या पोरीला तो जिना कुणी दाखवला असता का, याची मला शंका आहे. पण तो जिना आता तिला दाखवून आपणच खाली ढकलतोय, त्याचं काय?

आणि त्या लेखात बरोबर काय होतं हे कुणी वाचलं का? मला त्याचाच संताप जास्त आहे. पाऊस पाडणारं विमान म्हटलं की आपले पुढारी लगेच दुष्काळ मिटवतात. तिने स्वच्छ लिहिलं होतं, की आकाशात मुळात ढग नसेल तर कुठलंही विमान पाऊस पाडू शकत नाही. तिने लिहिलं होतं की 276 ढग अभ्यासले, काहींना फवारा दिला, काहींना मुद्दाम दिला नाही, कारण तुलना केल्याशिवाय पाऊस फवाऱ्याने आला की आपसूक, हे कळणार कसं? वाढ सुमारे 18 टक्के आली, तीही ठरावीक क्षेत्रात, ठरावीक जातीच्या ढगांत, हेसुद्धा तिने गाळलं नव्हतं. अहो, पानवाल्याला कळेल अशा भाषेत तुलनेचा प्रयोग समजावणं हे आमच्या त्या ज्येष्ठांना आयुष्यात जमलेलं नाही. त्यांचे लेख मी वाचतो, कारण ते देतात आणि मग विचारतात.

लाल रेघ एका वाक्याखाली होती. बाकी सगळा लेख कोरा गेला.

नारळीकर गेले तेव्हा याच खोलीत आपण शोकसभा घेतली, आठवतंय? 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, जगभर नाव झालेलं असताना, का तर परीक्षकांनी नावाला नाही, कथेला मार्क द्यावेत. हा किस्सा त्या दिवशी कुणी सांगितला? आज कात्रण घेऊन आलेल्याच गृहस्थांनी. डोळे पुसत सांगितला. मी खरंच तेव्हा म्हटलं, माणूस हळवा आहे.

हळवे आहेतही, उगाच का खोटं बोलू. कोविडात माझं दुकान बंद होतं तेव्हा घरी किराणा पाठवणारे तेच होते. त्यांचं वाचन दांडगं. दुर्बिणीचा आरसा घासायला मला त्यांनीच शिकवला, आठवडे लागले, एकदाही आवाज चढला नाही त्यांचा. म्हणून तर जास्त लागलं आज. ज्याला घासण्यातला धीर माहीत आहे त्याने असं बोलावं?

दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो, नाहीतर म्हणाल एकट्यावरच तोंडसुख घेतो. आमच्यात दुसरा रोग वाहवाचा. "फारच छान, अभ्यासपूर्ण" असं न वाचता म्हणणारे. मी नान्नजच्या माळरानावर लिहिलं, तेव्हा एकाने "मोरांबद्दल उत्तम माहिती" असं म्हणून पाठ थोपटली. लेखात मोर नव्हता. माळढोक होता, आणि तोही आता दिसेनासा झालाय हाच लेखाचा विषय होता. ही वाहवा आणि ती लाल रेघ, दोन्हीत लेख वाचलेलाच नसतो. सरांनी गुरुजींचा लेख वाचला होता, दोनदा. एसटीत तिसऱ्यांदा वाचत होते.

एसटीचं तिकीट, उन्हात मीटरपट्टी, आणि दिवसभराचा रविवार. एवढं खर्चून एका ओळीची दुरुस्ती. परवडत नाही म्हणाल, तर पुण्या-मुंबईवाल्यांना परवडत नसेल. तिथे माणसं पुष्कळ, एक गेला तर दोन येतात. आपल्याकडे एक गेली की खुर्ची वर्षभर रिकामी राहते. मग आपणच एकमेकांचे लेख ऐकायचे, तीच माणसं, तेच कृष्णविवर, तोच हॅलेचा धूमकेतू. तो 2061 ला यायचाय, आपल्यातला एकही नसणार बघायला. तिची पिढी असेल, लिहायला शिल्लक राहिली तर.

मघाशी तिला फोन केला. उचलला. आवाज साधाच होता, शिकवणीची पोरं मागे पाढे म्हणत होती. मी म्हटलं, कॅल्शियम क्लोराइडचं तेवढं दुरुस्तीचं टिपण तूच पाठव पुरवणीला, तुझ्याच नावाने. म्हणाली, "ते मी गुरुवारीच पाठवलंय सर, लेख आल्या आल्या मलाच दिसलं होतं. उद्या छापून येईल." बैठकीत का नाही बोललीस, विचारलं. "कुणी विचारलंच नाही," म्हणाली.

गुरुवारी! आणि ज्येष्ठ रविवारी लाल पेन घेऊन.

पुढच्या बैठकीला यायचं की नाही हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्यापुरतं ठरवलंय, की तिथे पुन्हा कुणाचं कात्रण असं वाचलं गेलं तर मी मध्येच उठून बोलणार, वयाचा मान वगैरे नंतर बघू. आज मी बोललो नाही हे कमेंटमध्ये कुणी मला सांगायची गरज नाही.

आणि ज्येष्ठ, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे, नाव लिहिलेलं नाही तरी. फोन करायचा तर रात्री नऊनंतर करा. त्याआधी दुकानात गिऱ्हाईक असतं आणि मला धड भांडता येत नाही.