पळालीच की ती!

एलिझाबेथ स्मार्टच्या अपहरणावरचा लाइफटाइम वाहिनीचा २०१७चा सिनेमा आमच्या घरात आणि मैत्रिणींत बऱ्याच जणींनी पाहिला. बघून झाल्यावर जवळपास प्रत्येकीने तेच विचारलं: अगं, पण ती पळाली का नाही? आतेबहीण तर चिडलीच होती. "चौदा वर्षांची मुलगी म्हणजे काही कुक्कुलं बाळ नाही. भर रस्त्यातून चालतेय, आजूबाजूला माणसं आहेत, एक किंकाळी फोडता येत नाही?" मी तिला फोनवर जे काही सांगायचा प्रयत्न केला ते धड जमलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी. ५ जून २००२च्या पहाटे ब्रायन डेव्हिड मिचेल नावाच्या माणसाने चाकूचा धाक दाखवून एलिझाबेथला तिच्याच अंथरुणातून उचललं. शेजारी नऊ वर्षांची धाकटी बहीण झोपेचं सोंग घेऊन पडली होती. हा मिचेल स्वतःला प्रेषित म्हणवायचा. घरामागच्या डोंगरात त्याचा आणि त्याच्या बायकोचा, वांडा बार्झीचा तळ होता. तिथे नेऊन 'लग्न' लावलं आणि त्याच दिवसापासून बलात्कार सुरू झाले. सापडली ती १२ मार्च २००३ला. म्हणजे नऊ महिने.

आता किंकाळीचं बघू. सुरुवातीचे आठवडे तिच्या पायाला पोलादी तार बांधलेली होती आणि तारेचं दुसरं टोक झाडांना. शोधायला आलेली माणसं तिच्या नावाने हाका मारत होती, त्या तिला ऐकू आल्या. आणि चाकूवाला शेजारी बसून सांगत होता की तोंड उघडलंस तर तू मरशील, मग तुझ्या घरचे मरतील. ज्या माणसाने एकदा घरात शिरून दाखवलंय तो पुन्हा शिरणार नाही, असं मानायला त्या पोरीकडे काय कारण होतं?

मग तो तिला बुरख्यासारखं तोंड झाकून शहरात फिरवायला लागला. "बघा, मोकळीच होती की!" इथे प्रेक्षकांचा धीर सुटतो. पण याच भागात जे घडलं त्याबद्दल मला कोणीच काही विचारलं नाही. सॉल्ट लेकच्या सार्वजनिक ग्रंथालयात एका पोलीस अधिकाऱ्याने तिला हटकलं. संशय आला होता त्याला. चेहरा दाखव म्हणाला. मिचेलने शांतपणे सांगितलं की आमच्या धर्मात चालत नाही. अधिकाऱ्याने थोडा आग्रह केला आणि निघून गेला. ती टेबलाशी बसून होती, टेबलाखाली बार्झीने तिची मांडी आवळून धरलेली. समोर साक्षात पोलीस उभा राहून परत गेला, तेव्हा त्या मुलीच्या मनात काय पक्कं झालं असेल? म्हणून सापडली त्या दिवशी पोलिसांनी विचारल्यावर ती आधी "मी ती नाही" म्हणाली, यात मला नवल वाटत नाही. बघणाऱ्यांना मात्र तोच प्रसंग सगळ्यात खोटा वाटतो.

पोलिसांचं आणखी एक. धाकट्या बहिणीला ऑक्टोबरमध्ये एकदम आठवलं की अपहरणाच्या वेळचा तो आवाज घरी एक दिवस कामाला आलेल्या 'इमॅन्युएल'चा होता. पोलिसांनी तिच्या सांगण्याला फारसं वजन दिलं नाही. शेवटी घरच्यांनीच पुढाकार घेऊन त्याचं रेखाचित्र लोकांपुढे आणलं, त्यावरून तो मिचेलच असल्याची ओळख पटली. मधल्या काळात फेब्रुवारीत मिचेल कॅलिफोर्नियात एका चर्चमध्ये घुसल्याबद्दल पकडला गेला, खोटं नाव सांगून काही दिवसांत सुटलाही. इतक्या मोठ्या माणसांना, इतक्या संधी. पण जाब कोणाला विचारायचा, तर तिला.

आणि हे ऐका. मंडळी कॅलिफोर्नियातच सॅन दिएगोजवळ मुक्कामाला होती. मिचेल आणखी लांब न्यायचं बोलत होता. तेव्हा या मुलीने त्याचंच हत्यार त्याच्यावर चालवलं. माझं तर देव ऐकणार नाही, पण तुम्ही प्रेषित, तुम्ही विचारून बघा, आपण युटाला परत जावं अशी देवाची इच्छा आहे असं मला वाटतंय, अशा अर्थाचं ती त्याला म्हणाली. तो फुशारला आणि परत निघाला. सॉल्ट लेकजवळच्या सॅन्डी गावात रस्त्यावर लोकांनी मिचेलला ओळखलं ते त्यामुळेच. पळाली की ती! स्वतःच्या पायाने नाही, त्याच्याच पायाने घरापर्यंत आली. सिनेमात धावत सुटलेली मुलगी, मागे कुत्री, काट्यातून वाट असं काही असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

सिनेमा म्हणून म्हणाल तर ठीकठाक आहे. स्कीट उलरिचचा मिचेल अंगावर येतो, बाकी टीव्हीच्या बेताचं. बऱ्याच जणींना खटकलं ते खरी एलिझाबेथ मध्येमध्ये पडद्यावर येऊन बोलते ते. "लिंक तुटते" म्हणे. मला तेच आवडलं. २००३च्या नोव्हेंबरात, ती परत येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा सीबीएस वाहिनीने एक सिनेमा दाखवला होता. तो आईवडिलांच्या बाजूने होता. या वेळी ती स्वतः निर्मात्यांपैकी एक आहे आणि कुठे थांबायचं ते ती ठरवते. सिनेमाचा अभिमान आहे पण पुन्हा कधी बघावा लागला नाही तर बरं, असंही ती म्हणाली होती. "पैशासाठी दुःख विकतेय" म्हणणाऱ्यांनी एवढं वाक्य तरी ऐकावं.

हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराचं प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं. १९७२, देसाईगंजची पोलीस चौकी, म्हणजे आपलं वडसा. आदिवासी मुलगी, आरोपी दोन पोलीस. नागपूरच्या उच्च न्यायालयाने शिक्षा दिली होती, सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कायदा बदलून चाळीस वर्षं झाली, आमच्या दिवाणखान्यात अजून जुनंच कलम लागू आहे.

एलिझाबेथने एका भाषणात सांगितलं होतं की लहानपणी एका शिक्षिकेने लग्नाआधी संबंध आलेल्या मुलीची तुलना चघळलेल्या च्युइंगमशी केली होती आणि बलात्कारानंतर तिला नेमकं तेच आठवलं. आता आपल्याला कोण जवळ करणार, मग पळून जायचं कुठे? आपल्याकडे काचेचं भांडं म्हणतात. ज्या आयाबाया मुलींना हे भांडं ऐकवत मोठं करतात, त्याच पुढे विचारतात की घरी का नाही आली.

आतेबहिणीला शेवटी एक गोष्ट सांगितली, तिथे ती जरा गप्प झाली. २०१९मध्ये विमानात एलिझाबेथला डुलकी लागली होती. शेजारच्या माणसाचा हात मांडीवर फिरतोय हे जाणवून ती जागी झाली. तिशी उलटलेली बाई, मुलांची आई, देशभर याच विषयावर बोलणारी. तीसुद्धा गोठून गेली, काय करावं सुचेना, असं तिने पुढे स्वतःच टीव्हीवर सांगितलं. त्यानंतर तिने मुलीबायकांसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण सुरू केलं. अंग गोठतं हे धरूनच सराव करायला हवा, असं मला तरी वाटतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींसाठी असा वर्ग घ्यायचा विचार आहे. कोणाला चांगली शिकवणारी बाई माहीत असेल तर कळवा.