ते वाक्य बायबलमधलं नाहीये

परवा मीच टाकलेलं ना, "पाहा, हे एकमेकांवर किती प्रेम करतात", खाली योहान 13:35 लिहून, ते चुकलंय. बायबल उघडून बघितलं तर तिथे येशू, शिष्यांचे पाय धुतल्यावर, सांगतोय की तुमची एकमेकांवर प्रीती असेल तर त्यावरूनच सगळे ओळखतील तुम्ही माझे शिष्य आहात. व्हायरल वाक्य उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाच्या ग्रंथातलं, साधारण इ.स. 197 चं, आणि तेही तो ख्रिस्ती नसलेल्या लोकांचं बोलणं सांगतोय, टोमणाच तो! कारण ख्रिस्ती मंडळी महिन्याला ऐपतीप्रमाणे पेटीत पैसे टाकायची, त्यातून गरिबांचं जेवण, अनाथ पोरं, म्हातारी माणसं, अगदी दफनाचा खर्चसुद्धा. जुनी पोस्ट डिलीट केलीय, तुमच्याकडे असेल तर प्लीज फॉरवर्ड करू नका, पाठवायचंच तर तर्तुलियनचं नाव टाकून.