झिरो माइल ते शून्य रेखांश

परदेशी शिकायला निघालेल्या नागपूरकर विद्यार्थ्याला पोहोचवायला विमानतळावर अकरा माणसे आणि संत्रा बर्फीचे चार डबे येतात. या गर्दीत अभ्यासाविषयी, थंडीविषयी आणि संगतीविषयी उपदेश करणारे पुष्कळ असतात. परंतु ज्या कामात त्या मुलाचे वर्षभरातले बहुतेक शनिवार-रविवार खर्ची पडणार असतात, त्या शहर पाहण्याच्या कामाविषयी कोणीही अवाक्षर काढत नाही. मी लंडनमध्ये एक वर्ष राहून पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, निदान तसे प्रमाणपत्र प्रतापनगरातल्या आमच्या दिवाणखान्यात टांगलेले आहे. तेवढ्या अधिकारावर आपल्याला थोडे मार्गदर्शन करतो.

आपण लंडन पाहायला जात नसून लंडन दाखवायला जात आहात, हे आधी मनाशी पक्के करावे. मागे नागपुरात कुटुंबाचा एक व्हॉट्सॲप समूह असतो. शैक्षणिक कर्जावर सही एकट्या बाबांची असली तरी त्या कर्जाचा हिशेब हा सगळा समूह मागतो आणि तो छायाचित्रांतूनच चुकता करावा लागतो. यातली अडचण अशी की ग्रंथालयात बसलेल्या मुलाचे छायाचित्र पाहून मामा विचारतात, "घरातच बसून राहतं का बे? जरा फिरत जा ना." आणि थेम्सच्या पुलावर हसत उभ्या असलेल्या त्याच मुलाचे छायाचित्र पाहून काकू समूहात काही न लिहिता आईला वेगळा फोन लावतात, "हा अभ्यास केव्हा करून राहिला वहिनी?" यावर माझा अनुभवसिद्ध उपाय असा की कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी पाठीवर दप्तर अडकवूनच उभे राहावे. आत छत्री, स्वेटर आणि डब्यातले पराठे असले तरी हरकत नाही. छायाचित्रात ते पुस्तकांनी भरल्यासारखेच फुगीर दिसते.

वेळ साधणेही महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते आणि डिसेंबरात चारच्या आसपासच तिथे अंधार पडतो. त्या वेळी नागपुरात साडेनऊ वाजलेले असतात, जेवणे उरकलेली असतात आणि सव्वीसच्या सव्वीस सदस्य हातात फोन धरून बसलेले असतात. दिवे लागलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोरचे छायाचित्र नेमके तेव्हाच धाडावे. मात्र, बिग बेन हे मनोऱ्याचे नसून आतल्या घंटेचे नाव आहे आणि मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, ही दुरुस्ती समूहात करण्याचा मोह आवरावा. मी ती केली होती. त्यावर मामांचे "शिकला रे बाप्पा" एवढेच उत्तर आले आणि त्याला नऊ जणांनी अंगठे दिले.

पैशाच्या बाबतीत एकच पथ्य आहे: दिसेल त्या किमतीला शंभराने गुणावे, म्हणजे कॉफी पिण्याची इच्छा आपोआप मरते. शंभराने गुणण्याची सवय लागलेला माणूस टॉवर ऑफ लंडनच्या तिकीट खिडकीसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, ते पाहून मागचा जपानी पर्यटक त्याला पाणी देऊ करतो. तरीही कोहिनूर आत असल्यामुळे जावे लागते. न जाणे म्हणजे जवळजवळ देशद्रोह. आत राजमुकुटांच्या काचेशेजारी विमानतळावर असतो तसा सरकता पट्टा बसवलेला आहे. आपण त्यावर उभे राहायचे आणि पट्ट्याने आपल्याला हिऱ्यासमोरून वाहून न्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. १०५.६ कॅरटचा, शतकानुशतकांच्या भांडणांचा तो ऐवज किती वेळ दिसतो म्हणाल, तर बर्डीवरून जाणाऱ्या ऑटोतून दुकानाची पाटी दिसते तितका. मी पट्ट्यावरून दोनदा गेलो. दुसऱ्या फेरीत माझ्या पुढची लहान मुलगी आईला विचारत होती की हा मोठा काचेचा तुकडा का ठेवला आहे, आणि तिकडे लक्ष गेल्यामुळे दुसऱ्यांदाही हिरा नीट दिसला नाही. पण खरा तोटा निराळाच आहे. तिथे छायाचित्र काढू देत नाहीत. अर्थात ती भेट कुटुंबाच्या हिशेबी घडलीच नाही; बाबा अजूनही सांगतात की पोराचा कोहिनूर तेवढा राहून गेला.

संग्रहालयात गेल्यावर कोणत्याही मूर्तीसमोर थांबून "हे सगळं आपलंच आहे" असा सुस्कारा टाकावा. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश फुकट असल्यामुळे हा सुस्कारा परवडतो आणि अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपुढे तो खराही ठरतो. फक्त ही अमरावती आपल्या शेजारची नसून आंध्रातली आहे, एवढे मावशीला सांगू नये. तिने ते छायाचित्र बडनेऱ्याच्या नणंदेला आधीच पाठवलेले असते. सुस्कारे टाकण्याचे आपल्याला काही कारण नाही असेही नाही. नागपूरकर भोसल्यांच्या पहिल्या रघूजीराजांची तलवार २०२५ साली लंडनमध्ये लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारला ती सुमारे ४७ लाख रुपये मोजून परत आणावी लागली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती गेली असावी, असा अंदाज आहे. ही बातमी वाचून माझे रक्त उसळले आणि त्या भरात सीताबर्डीचा किल्ला आपण शेवटचा कधी पाहिला हे मी आठवू लागलो. तो मी पाहिलेला नाही. लष्कराच्या ताब्यातला किल्ला वर्षातले मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतो आणि त्या दिवशी सुट्टी असते, म्हणजे झोप असते. तीच गत अजब बंगल्याची, म्हणजे नागपूरच्या वस्तुसंग्रहालयाची. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, हे मी निदान चाळीस जणांना ऐकवले असेल. आपला अजब बंगलाही त्याच वर्षीचा आहे, आणि चौथीच्या सहलीत तिथे माझी पाण्याची बाटली हरवली, यापलीकडे त्यातले मला काही आठवत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे बसगाडी. लंडनमध्ये पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी भाडे एकदाच कापले जाते. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसून माणूस भलतीकडे वाहवत जातो. मी असाच एकदा पावसात टूटिंगपर्यंत गेलो. तिथे एका दुकानाबाहेर स्वेटरावर पदर खोचलेली एक आजीबाई मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहत होती, मुळाशी नखाने टोकरत होती आणि दुकानदाराला भाव सांगून परत ठेवत होती, हुबेहूब कॉटन मार्केटात करतात तशी. तिसऱ्यांदा ठेवून तिने अखेर तीच जुडी घेतली. काचेवर वाफ धरलेली असल्यामुळे छायाचित्र निघाले नाही, आणि निघाले असते तरी मेथी पाहायला एवढे कर्ज काढले का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अशा दुपारी फुकट जातात. माझ्या अशा वीस-बावीस तरी गेल्या.

किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर पाहायला अवश्य जावे, कारण दीक्षाभूमीच्या गावचा मुलगा तिथे गेला नाही तर त्याला परतल्यावर तोंड दाखवता येणार नाही. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते आणि २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारने ते घर विकत घेतले. पण घरच्यांशी बोलताना हा विषय लांबवू नये. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसणारा, ते बंद होईपर्यंत न उठणारा आणि पोटाला चिमटा काढून पुस्तके घेणारा विद्यार्थी याच शहरात होऊन गेला, हे वडीलधाऱ्यांच्या ध्यानात आले की आपल्या दप्तरात खरोखर काय आहे, अशी चौकशी सुरू होते. मी त्या दारासमोर कोणतीही ढब न घेता उभा राहिलो आणि एकही छायाचित्र न पाठवता परतलो. का, ते सांगता येत नाही.

आता ग्रिनिच. नागपूरकराला इथे जन्मसिद्ध हक्काने जावेसे वाटते, कारण आपण झिरो माइलवाले, म्हणजे मैलांची अंतरे कोरलेल्या त्या खांबाच्या आणि त्याशेजारच्या घोड्यांच्या पुतळ्यांच्या गावचे, आणि ते शून्य रेखांशवाले. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत जगाने ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य मानले, आणि टेकडीवरच्या वेधशाळेच्या अंगणात ती रेघ धातूच्या पट्टीने दाखवली आहे. अंगणात जायला तिकीट आहे. रेघेवर एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला टाकून उभे राहण्यासाठी रांगही आहे. मी पंचवीस मिनिटे रांगेत थांबलो, पाय फाकले, आणि त्याच अवस्थेत आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने बराच वेळ त्या पट्टीकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढंच? आपल्या झिरो माइलला घोडे तरी आहेत." मग शून्याचे छायाचित्र घ्यावे म्हणून मी फोनमधला नकाशा उघडला, तर रेखांश शून्य येईना. चौकशीअंती कळले की उपग्रहांच्या हिशेबाने शून्य रेखांश या पट्टीच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बाहेरच्या बागेत पडतो. तिथे तिकीट नाही, रांग नाही, पट्टीही नाही. मी गेलो तेव्हा नेमक्या त्या जागेवर एक कुत्रे बसले होते. आपण छायाचित्र अर्थातच पट्टीवरचे पाठवावे.

परत आल्यावर लंडनचा विषय निदान दोन वर्षे पुरवावा. उन्हाळ्यात ४५ अंशांवर पारा गेला की "तिकडे आता काय हवा असेल" एवढे म्हटले तरी पुरते. फक्त तिथल्या कोणाला नागपूरला यायचे आमंत्रण देऊ नये. माझा एक इंग्रज वर्गमित्र खरोखरच आला. त्याने किल्ला विचारला, तो बंद होता. त्याला तर्री पोहे खाऊ घातले, ते त्याने घाम पुसत आणि "वंडरफुल" म्हणत संपवले. मग त्याला झिरो माइल पाहायचे होते. ज्या चौकातून मी हजारदा गेलो असेन, तिथे त्याच्यामुळे पहिल्यांदा गाडी थांबवून उतरलो. घोड्यांचे छायाचित्र घेऊन तो खांबाजवळ गेला आणि त्यावर कोरलेली मैलांची अंतरे बोट फिरवत वाचू लागला. मला म्हणाला, यातली कोणती गावे तू पाहिली आहेस?

मी त्याला खांबाशेजारी नीट उभे राहायला सांगितले आणि दप्तर पाठीवर घ्यायला लावले.