सूर्य काय लिफ्टने खाली येणार?

काल तलावपाळीच्या कट्ट्यावर परत तोच विषय, पुण्याची ती छतावर सोलर पॅनलवाली इलेक्ट्रिक गाडी. नित्या मोबाईल नाचवतच आला, "बघा बघा, वर्षाला ३००० किलोमीटर फुकट! आता पेट्रोल नको, चार्जिंग नको, काय नको!" ह्याला व्हॉट्सॲपवर काही आलं की आधी छाती फुगते, वाचणं नंतर.

सुहास चहा फुंकत बसला होता. वर्तकनगरला त्याचं इन्व्हर्टर रिपेअरिंगचं दुकान आहे, या बाबतीत मी त्याच्याच शब्दावर जातो. म्हणाला, "३००० भागिले ३६५, दिवसाला आठ. आणि ते होऊ शकतं बरं का, छतावर ३०० वॅटचं पॅनल, चार-पाच तास कडक ऊन, म्हणजे सव्वा युनिट धर, छोटी गाडी आठ-दहा किलोमीटर आरामात जाते. फक्त ऊन लागायला पाहिजे. तुझी गाडी बेसमेंट दोनला. सूर्य काय लिफ्टने खाली येणार?"

नित्या गप्प, पण तीसेक सेकंदच.

गण्याचा प्रश्न मात्र खरा होता. त्याला सीएनजी रिक्षा काढून इलेक्ट्रिक घ्यायचीय. "आमच्या स्टँडवरच्या एकाने टपावर पॅनल बसवलं, पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या डब्यावर एमपीपीटी लिहिलेलं, म्हणजे पॅनलची पुरेपूर पॉवर काढणारा कन्व्हर्टर म्हणे, तरी महिन्याभरात फरक शून्य."

"कारण डबा उघडला की आत साधा पीडब्ल्यूएम, स्वस्तातला चार्जर, निघतो, माझ्याकडे असे कितीतरी येतात," सुहास चिडलाच. "स्टिकर लावून गरिबाला फसवतात. हे बघ, १०० वॅटचं पॅनल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. साधा डबा ते सरळ बॅटरीला जोडतो, बॅटरी १३ व्होल्टला, अँपिअर तेवढेच, म्हणजे हातात ७२ वॅट. खरा एमपीपीटी पॅनलला १८ वरच ठेवतो आणि व्होल्ट उतरवून अँपिअर वाढवून देतो. तुझी बॅटरी ४८ व्होल्टची, पॅनल तीस-बत्तीस व्होल्टचं, म्हणजे तुला उलटं, व्होल्ट चढवणारा लागणार. टाकीत पाणी चढवायला पंप लागतो ना, तसं. सगळे पॅनल बघतात रे, कन्व्हर्टर कोणी विचारत नाही."

मला हे अगदी पटतं, जो तो पॅनल किती वॅटचं तेवढंच विचारतो.

"आणि घोडबंदरला मेट्रोच्या खांबांची सावली?" मी विचारलं.

"तिथेच तर कस लागतो. व्होल्ट बदलत गेलं की पॉवर टेकाडासारखी चढते-उतरते, एमपीपीटीने त्याचं शिखर शोधायचं असतं. अर्ध्या पॅनलवर सावली आली की एकाऐवजी दोन-तीन टेकाडं तयार होतात. फालतू कन्व्हर्टर पहिल्याच टेकाडावर बसकण मारतो, नित्या येऊरचा डोंगर चढताना अर्ध्यात बसला होता तसा, शिखर आलं म्हणून फोटोपण टाकले होते!"

"पायात गोळा आला होता माझ्या!" नित्या ओरडला. आम्ही हसत सुटलो. मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं, "मग टोयोटाच्या प्रियस गाडीवर सोलर लावणारे जपानी येडे काय?"

"येडे नाहीत म्हणून तर बघ काय केलं त्यांनी. गाडी उभी असताना उन्हाची वीज आधी वेगळ्या छोट्या बॅटरीत साठवायची आणि ती भरली की एकदम मोठ्या बॅटरीत ढकलायची. मोठी बॅटरी दिवसभर जागी ठेवली तर तिची सर्किटंच वीज खातात, वर १८० वॅटचंच पॅनल, राहणार काय?"

मला हे माहीत नव्हतं. केवढा साधा आणि केवढा हुशार विचार!

गण्या तोपर्यंत भलतीकडे पोचला होता. "ते सोड, नित्या, सोसायटीत मी चार्जिंग पॉइंट मागितला तेव्हा आग लागेल म्हणून नाही कोण म्हणालं?"

"मी एकटा नव्हतो, कमिटीचा निर्णय होता."

"सेक्रेटरी कोण आहे?"

"...मी."

"मग तू उन्हाच्या गप्पा कसल्या मारतोस रे! मला रात्रीचं चार्जिंग दे आधी, टपावरचं सोलर वरकमाई."

"दोघांचा हिशोब हाच आहे," सुहास म्हणाला. "रात्री प्लग, दिवसा जे मिळेल ते."

नित्या म्हणे लेखी अर्ज दे, बघतो. गण्याने तिथल्या तिथे वडापावचा कागद सरळ केला, "माननीय सेक्रेटरी साहेब" एवढं लिहिलं आणि तेलावर पेन उठेचना. नित्याच सगळ्यात जोरात हसत होता.