चौतीस सोयी आणि एक कुलूप

काल रात्री घरी पोचलो. बॅगा अजून दारातच पडल्यात आणि माझं डोकं अजून भणभणतंय, म्हणून आधी हे लिहून मोकळी होते.

दापोली तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टवर दोन रात्री काढून आलोय. नाव सांगत नाही. कोकणात चार वेळा गेला असाल तर तुमचंही असं एखादं असणारच, तेच समजा. बुकिंग मी केलं होतं. त्यामुळे परतीच्या वाटेवर आंबेतपासून ताम्हिणीपर्यंत गाडीत जी शांतता होती, ती सगळी माझ्या नावावर जमा आहे.

ॲपवर काय काय होतं म्हणून सांगू! चौतीस सोयी. प्रत्येकीपुढे निळी टिकली. स्विमिंग पूल, मुलांचा वेगळा पूल, रेन डान्स, स्पा, गेम झोन, लायब्ररी, बगी, बॉनफायर, सी व्ह्यू, प्रायव्हेट बीच. मी भुलले. सासूबाईंचे गुडघे, सासऱ्यांचं वाचन, पोराचं पोहणं, नवऱ्याची झोप, सगळ्यांची सोय एका जागी. आल्यावर ती यादी पुन्हा नीट वाचली, तेव्हा कळलं की चौतिसातल्या अकरा सोयी म्हणजे आरसा, हँगर, कचऱ्याचा डबा, पंखा, टॉवेल अशा आहेत. खोलीला दार आहे हे मोजायचं कसं काय राहिलं कोण जाणे.

पहाटे पाचला पुण्याहून निघालो. ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड करत साडेअकराला पोचलो. खोली दोन वाजता मिळणार. बरं, सोडायची कधी? सकाळी दहाला. म्हणजे पैसे दिवसाचे आणि खोली वीस तासांची. उरलेले चार तास म्हणे साफसफाईला लागतात. ती साफसफाई पुढे बाथरूमच्या कोपऱ्यात दिसलीच, मागच्या पाहुण्यांच्या शांपूच्या पुडीच्या रूपात. दर ८,५०० रुपये. दर साडेसात हजारांच्या वर गेला की जीएसटी १८ टक्के, त्याच्या आत असता तर ५ टक्के. म्हणजे एका खोलीचे एका रात्रीचे १०,०३०. दोन खोल्या, दोन रात्री, ४०,१२०. हा आकडा लक्षात ठेवा, मी तर मरेपर्यंत ठेवणार आहे.

लॉबीत बसवून ‘वेलकम ड्रिंक’ दिलं. पावडरचं संत्र्याचं सरबत! बाहेर रस्त्यावर दर दहा पावलांवर कोकम सरबताच्या बाटल्या विकायला मांडल्यात, आणि हे आम्हाला पावडर ढवळून देतायत. मग एका पोराने येऊन प्रत्येकाच्या मनगटावर केशरी रंगाचा कागदी पट्टा आवळला. एकदा चिकटवला की कात्रीशिवाय निघत नाही असला. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांनी विचारलं, “हा कशासाठी?” पोरगा म्हणाला, “आजोबा, हा असला की सगळं फ्री.” बाबा खूश झाले. बिचारे.

आता सी व्ह्यू. गॅलरीत उभं राहिलं की समोर जनरेटरची शेड. शेडवर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या. त्या दोन टाक्यांच्या मधल्या फटीत, मान थोडी डावीकडे कलली तर, शाळेच्या पट्टीएवढी निळी रेघ. मी रिसेप्शनला फोन केला. “मॅडम, तुमचा पार्शल सी व्ह्यू आहे.” मी म्हटलं, मग पैसेही पार्शल घ्या. तिकडून फोन ठेवला गेला.

पूलबद्दल थोडक्यात सांगते, कारण पूल थोडक्यातच मिळाला. दुपारी एक ते चार सफाईसाठी बंद. चारनंतर नायलॉनचा पोशाख सक्तीचा. आता ही अट मला मान्य आहे, पाण्यासाठी ती बरोबरच आहे. पण मग ती चौतीस टिकल्यांमध्ये कुठेतरी लिहा ना. लिहायची नाही, कारण पूलशेजारच्या टपरीत तीच चड्डी साडेचारशेला विकायची आहे. घेतली. पोरगं पाण्यात उतरून दहा मिनिटं झाली नसतील तोच डीजे सुरू झाला, वरचे फवारे सुटले, आणि कुठल्याशा ऑफिसच्या सहलीतले चाळीस जण ओल्या जीन्ससकट पाण्यात. त्यांना नायलॉन नको होतं! सुरक्षारक्षकाला विचारलं तर म्हणतो, “ग्रुप बुकिंग आहे, ताई.”

बगी चार्जिंगला लावलेली. दोन्ही दिवस. सासूबाई खोलीपासून जेवणघरापर्यंतचा चढ गुडघ्यावर हात टेकत चढल्या आणि बगी पायथ्याशी उभी, तिला झेंडूच्या माळा घातलेल्या, लोक आत बसून फोटो काढतायत. स्पावाली बाई सुट्टीवर. गेम झोनमध्ये कॅरम होता, स्ट्रायकर नव्हता, तर पोरांनी औषधाच्या बाटलीचं झाकण स्ट्रायकर केलेलं. लायब्ररी म्हणजे जिन्याखालचं एक फडताळ, त्यात दोन जुने दिवाळी अंक आणि कुठल्यातरी सिमेंट कंपनीचा वार्षिक अहवाल. बाबांनी तो अहवाल वाचला. अख्खा. संध्याकाळी म्हणाले, कंपनी बरी चाललीय.

इथवर मी हसत होते, शपथ. हसणं थांबलं ते रात्रीच्या जेवणाला.

हर्णै बंदर तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. सुवर्णदुर्गासमोर होड्या लागतात आणि वाळूवरच माशांचा लिलाव होतो. सुरमई, पापलेट, कोळंबी, बांगडा, डोळ्यांसमोर ढिगाने ओतलेला. हा महिना जानेवारीचा, म्हणजे १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदीही नाही. आणि ह्यांच्या बुफेत मासा कुठला, तर ‘फिश अमृतसरी’. पांढरा, भुसभुशीत, चव म्हणून काही नाही, ओला कापूस बेसनात तळल्यासारखा. वाढणाऱ्या पोराला विचारलं, बाळा, हा कुठला मासा रे? तो अभिमानाने म्हणाला, “बासा आहे मॅडम. बोनलेस!”

बासा! गोड्या पाण्यातला मासा, मूळचा मेकाँग नदीचा, आपल्याकडे आंध्रातल्या तळ्यांत वाढवतात तो. तो गोठून, पेटीत बसून, घाट उतरून हर्णैच्या शेजारी आला आणि माझ्या ताटात पडला. ज्या गावात सकाळी उठून बाया टोपल्या घेऊन बंदरावर जातात त्या गावात! का, तर तो वर्षभर एकाच भावात मिळतो, त्याला काटे नसतात आणि पाहुणे तक्रार करत नाहीत. मी केली. शेफ बाहेर आला. चांगला होता माणूस, उत्तराखंडातला. म्हणाला, “मॅडम, हमको जो माल मिलता है वही बनाते हैं.” त्याच्यावर काय चिडणार?

सोलकढीही होती. सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. अन्नाला नाव ठेवायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी वाटी उचलली, एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, “गुलाबी आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावातल्या एका काकूंच्या घरगुती खानावळीत जेवलो. सुरमईची तुकडी, भाकरी, तिखलं, कढी. पोटभर जेवून पाचही जणांचे मिळून दोन हजारांच्या आत. उगाच त्या खानावळीचं कौतुकही करत नाही. हात धुवायला गेले तर मोरीत बेडूक होता आणि भात यायला पाऊण तास लागला. पण मासा मासा होता हो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या संध्याकाळी पावणेसहाला आम्ही चहा घेत होतो. (चहा ८० रुपये, वर १८ टक्के, कारण खोली महाग असलेल्या हॉटेलात चहावरही तेवढाच कर. ९४ रुपये ४० पैसे. आलं वेगळं मागावं लागलं.) म्हटलं, चला, सूर्यास्त बघू, त्यासाठी तर आलोय. सासूबाईंना हळूहळू चालवत नारळांतून, सुरूंतून फाटकाशी पोचेपर्यंत सहा वाजून पाच मिनिटं झालेली. फाटकाला कुलूप. हे एवढं मोठं, पितळी, नवंकोरं. अख्ख्या रिसॉर्टमध्ये नीट चालणारी तेवढी एकच वस्तू.

पलीकडे समुद्र. अक्षरशः पन्नास पावलांवर. भरती लागलेली, वाळू ओली, सूर्य पाण्याच्या वर वीतभर. आणि अलीकडे आम्ही, जाळीला नाक लावून.

फाटकावरचे मामा गावातलेच. “सहा वाजता बंद करायला सांगितलंय साहेबांनी. सेफ्टी.” मी म्हटलं, मामा, सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो, तुम्ही सहाला बंद करता, मग लोकांनी बघायचं काय? ते म्हणाले, “ते बरोबर हाय ताई, पण चावी ऑफिसात असते.” ऑफिसात गेले. ऑफिसातला मुलगा म्हणाला, चावी मॅनेजरकडे. मॅनेजर ‘राउंडवर’. मी परत फाटकाशी येईपर्यंत बाकीच्यांनी जाळीच्या चौकोनांतून सूर्य बुडताना पाहिला होता. पोराने काढलेल्या फोटोत सूर्याचे चार तुकडे दिसतात.

आणि त्या कुलपाच्या वर पाटी काय? ‘प्रायव्हेट बीच. फक्त पाहुण्यांसाठी.’ अरे, कुणाचा प्रायव्हेट? किनारा काय तुमच्या सातबाऱ्यावर चढलाय? भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात काय बांधायचं आणि काय नाही याचे नियम १९९१ पासून आहेत, आणि हे लोक कुंपण थेट केवड्यात नेऊन ठेवतात, वर ‘सोय क्रमांक अमुक’ म्हणून समुद्रच आपल्याला विकतात. आणि विकलेला मालही देत नाहीत! जो समुद्र गावातल्या कुत्र्यांना फुकट आहे, तो ४०,१२० रुपये भरणाऱ्या माणसाला सहानंतर बंद.

दुसऱ्या दिवशी त्याच मामांनी हळूच सांगितलं, “त्या लाल कौलांच्या घराच्या कडेनं पाणंद हाय. तिथनं जावा, कोण अडवत नाय.” गेलो. सूर्यास्त पूर्ण, अखंड पाहिला. सासूबाई पाण्यात घोट्याएवढ्या उभ्या राहिल्या, अर्धा तास हलल्या नाहीत. परत येताना मुख्य फाटकावर अडवलं, “पट्टा दाखवा.” बाबांनी कफ वर सारून असा काही हात पुढे केला की जणू पोलिसात फौजदार होते.

निघताना बिल. वरचं खाणं, चहा, भजी, पाण्याच्या बाटल्या मिळून ३,२४०. त्याखाली गुपचूप १० टक्के सर्विस चार्ज, ३२४. आणि त्या ३२४ वर परत १८ टक्के जीएसटी, ५८ रुपये ३२ पैसे. म्हणजे न मिळालेल्या सेवेचा आकार, आणि त्या आकारावर सरकारचा कर. मी म्हटलं, हे काढा. काउंटरवरचा म्हणाला, “मॅडम, कंपल्सरी आहे, सिस्टिममधूनच येतं.” इथे माझा जो काही पारा चढला! मी तिथे उभ्याउभ्या ऐकवलं, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय, सर्विस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, तो ग्राहकाच्या मर्जीवर. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. आता तुम्ही काढता की मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावू? मागे रांगेत उभे असलेले तिघे लगेच आपापली बिलं उघडून बघायला लागले. नवरा लांब जाऊन माशांच्या टाकीकडे बघत उभा राहिला, जणू ही बाई कोण मला माहीत नाही.

दोन दिवस ‘राउंडवर’ असलेला मॅनेजर दीड मिनिटात हजर. सिस्टिममधून येणारा आकार सिस्टिममधून गेला. त्याने मला घरी न्यायला दोन छोट्या काजूकतल्या दिल्या. मी घेतल्या. का नाही घ्यायच्या?

आज सकाळी सातला मोबाइलवर निरोप आलाय: ‘आमच्याकडचा अनुभव कसा वाटला? पाच तारे द्या आणि पुढच्या मुक्कामावर १० टक्के सवलत मिळवा.’ उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मुलगा मागून वाचत होता, म्हणाला, आई, यातले दोन शब्द शाळेत बोलले तर बाई पालकांना बोलावतात.

बाबांच्या मनगटावर केशरी पट्टा अजून तसाच आहे. आंघोळीनंतर मी कात्री घेऊन गेले तर हात मागे घेतला. म्हणाले, “राहू दे. चाळीस हजारांचा आहे.”