टॅपेट सेटिंग, पण गिटारचं

घरोघरच्या कपाटांवर धूळ खात पडलेल्या गिटारींचं शवविच्छेदन केलं, तर बहुतेकींच्या अहवालात मृत्यूचं कारण 'एफ कॉर्ड' असंच निघेल. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, तर्जनी आडवी टाकायची, सहाच्या सहा तारा दाबायच्या, शिवाय चेहरा हसरा ठेवून गायचं. माझ्या बोटांवर एवढे व्रण पडले, की ऑफिसातलं हजेरीचं मशीन मला ओळख देईना.

"सराव वाढवा," गिटारचे सर म्हणाले. त्यांचं काय जातंय!

खरं निदान केलं सोसायटीतल्या एका कॉलेजकुमाराने. एक डोळा मिटून त्याने गिटारच्या नेकवरून, म्हणजे दांडीवरून, नजर टाकली आणि म्हणाला, "काका, ॲक्शन केवढी आहे हिची!" त्यातलं 'काका' मी गिळलं. ॲक्शन म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण अडीच मिलिमीटरवर असावी, बारीक तार दोनच्या आसपास. माझी जाड तार चारवर होती. खालून झुरळ ताठ मानेने गेलं असतं.

विकताना दुकानदार म्हणाला होता, "नवीन आहे, हळूहळू बसेल." चप्पल बसते हो, गिटार नाही बसत. बारा गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा नंबर) सहा तारा मिळून सत्तर किलोच्या वर ताण देतात. त्या ओढीने नेक पुढे वाकतो. त्यात आमचं डोंबिवली. जुलैत लाकूड ओल पितं, गिटारचं पोट फुगतं, त्यावरचा ब्रिज, तारांचं बूड अडकतं तो तुकडा, वर येतो आणि त्याच्याबरोबर तारा. दिवस जातील तशी ॲक्शन चढणारच.

नेकच्या पोटात याच्यावरच एक उतारा असतो, ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली तिचं पेटंट मिळालं. ॲलन कीने, म्हणजे सहाकोनी चावीने, आवळली की नेक सरळ होतो. मात्र एका वेळी पाव फेरा, बस्स! आणि ती नेकचा बाक काढायला असते, ॲक्शन उतरवायला नाही. उरलेली उंची तिच्याकडून वसूल करायला गेलेल्यांच्या सळया मोडतात.

बाक मोजायला पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्यावर तारेखाली किती फट उरते ते बघायचं. पाव मिलिमीटरच्या आत हवी. एवढं मोजणार कशाने? फिलर गेजने, म्हणजे मोजक्या जाडीच्या पातळ पत्र्यांच्या जुडग्याने. गॅरेजवाले त्याने इंजिनातल्या टॅपेटची फट मोजतात. ते होतं कोपऱ्यावरच्या गॅरेजात.

"कुठल्या गाडीचे टॅपेट सेट करताय?" मेकॅनिकने विचारलं.

"गिटारचे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, गेजकडे पाहिलं आणि शंभर रुपये डिपॉझिट मागितलं.

बाक गेला, ॲक्शन थोडी उतरली, तरी मिलिमीटरभर जास्तच. आता पाळी सॅडलची, म्हणजे ब्रिजमधल्या पांढऱ्या पट्टीची. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे एक मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी आयुष्यात पहिल्यांदाच घराचा उंबरा ओलांडला. जेवणाच्या टेबलावरच्या काचेवर दोनशेवीस नंबरचा पॉलिश पेपर अंथरला, सॅडलवर पेन्सिलने रेघ मारली आणि बूड घासायला बसलो. दातांच्या दवाखान्यातला वास घरभर सुटला.

"कसली आहे ती पट्टी?" बायको.

"हाडाची."

"आज चतुर्थी आहे!"

पुढचं घासकाम बाल्कनीत, पागोळ्यांच्या साथीने झालं. रेघेपाशी थांबलो, तारा बदलून दहा गेजच्या हलक्या चढवल्या. त्या रात्री एफ कॉर्डच्या सहाही तारा बोलल्या. खालच्या मजल्यावरून फोन आला, पण तो अभिनंदनाचा नव्हता.

दिवाळीनंतर थंडी पडली, हवा कोरडी झाली, लाकडाने प्यायलेलं पाणी सोडलं आणि सगळ्यात जाड तार पहिल्या दोन-तीन फ्रेटवर झणझणायला लागली. पावसाळ्यात लावलेली गिटार थंडीत असं करतेच. सळई पाव फेरा सैल करायची, की मिटलं. मी ॲलन की काढून ठेवली आणि नेमकी आत्या आली. आत्या तीस-पस्तीस वर्षं तानपुऱ्यावर गातेय. तिचा तानपुरा मिरजेचा. घोडीवर, म्हणजे तानपुऱ्याच्या ब्रिजवर, तार घासून असाच झंकार उठावा म्हणून ती दरवर्षी तो जवारीला मिरजेला धाडते. कारागीर घोडी कानसतो आणि कुरिअरचा खर्च वेगळा.

"अरे वा! काय जवारी लागलीय! कोणाकडून काढून घेतलीस?"

"आत्या, तो दोष आहे. आत्ता घालवतो."

"दोष?" आत्याने हा शब्द निषाद कणसूर लागावा तसा ऐकला. मग पर्समधून सुती दोरा काढला, दाताने तोडला आणि सॅडलपाशी तारेखाली सरकवला. "गप बस. जीवा लावून बघू दे. छेड आता. हं, ही जरा उतरव... अजून... आता लागला बघ षड्ज!"

चहा झाल्यावर ती तिच्या पिशवीसकट रिक्षात बसली. मी आत येऊन टेबलावर पाहिलं, तर ॲलन की नव्हती.